पळस फुलला की इंजिनिअर फोन करतात

यवतमाळहून कळंबकडे निघालं की रस्त्याच्या कडेने पळस पेटलेले दिसतात. फाल्गुनात या झाडांना पान म्हणून उरत नाही, नुसता केशरी रंग काळ्या फांद्यांवर बसलेला असतो. सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी तीच शाल डोक्यावर घ्यावी लागते. हरभरा निघालेला असतो, गहू पिवळा पडत असतो, मोहाच्या झाडांखालून जाताना गोडसर, जरा आंबूस वास नाकात शिरतो.

याच दिवसांत मला फोन येऊ लागतात. बहुतेक वेळा आवाज अनोळखी असतो आणि सुरुवात ठरलेली असते. "मॅडम, तुमचा नंबर अमक्याने दिला. मी मेकॅनिकल आहे, पुण्यात जॉब करतो. एमबीए करून लाइन बदलता येते काय?" कधी सिव्हिल असतं, कधी कॉम्प्युटर. परवा पांढरकवड्याकडच्या एका मुलीचा आला. बंगळूरला सॉफ्टवेअरची नोकरी करते. ती म्हणाली, "मॅडम, मले फक्त हो का नाही तेवढं सांगा."

मला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. मग मी तिलाच विचारत बसले. सकाळी ऑफिसात शिरताना काय वाटतं? दिवसातलं कोणतं काम करताना घड्याळ विसरायला होतं? ती गोंधळली. तिला उत्तर हवं होतं आणि मी प्रश्न देत होते. फोन ठेवल्यावर खिडकीतून समोरचा पळस पाहत राहिले आणि मला माझा तो फाल्गुन आठवला.

तेव्हा मी चाकणच्या एका कारखान्यात होते. गाड्यांच्या ब्रेकला लागणारे सुटे भाग तिथे तयार व्हायचे आणि खराब निघालेले भाग का खराब निघाले, हे शोधणं माझं काम होतं. हातात मोजमापाची हत्यारं, समोर लोखंडाचे चकचकीत तुकडे. काम वाईट नव्हतं. पण एकदा असं झालं की दुसऱ्या पाळीचा माल सतत जास्त खराब निघू लागला. सगळ्यांनी मशीन तपासली, हत्यारं बदलली, तेल बदललं. काही फरक पडला नाही. मी सहज पाळी बदलताना फाटकाजवळ जाऊन उभी राहिले. दुसऱ्या पाळीच्या कामगारांची बस रोज उशिरा पोचत होती. माणसं धावत आत शिरत, पाणीसुद्धा न पिता मशीनला हात घालत. घाईत जुळणी थोडी चुकायची आणि पुढचा सगळा माल तिरपा निघायचा.

मी तसं लिहून दिलं. साहेबांनी वाचलं, हसले आणि म्हणाले, "करुणा, हे आपलं काम नाही. आपण पार्ट बघायचा."

त्या दिवशी मला कळलं की मला पार्टपेक्षा बसमध्ये जास्त रस आहे. त्या कळण्याचं काय करायचं, हे मात्र कळेना. ऑफिसातले सगळे सांगत होते, एमबीए कर. लोखंडाकडून माणसांकडे जायचा तोच एक रस्ता असावा, असं वातावरण होतं. मी अर्ज भरला, साठलेली रजा घेतली आणि अभ्यासाला कळंबला आले.

आमचं घर चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत. बाबा आयटीआयमध्ये निदेशक होते. फिटर आणि पत्राकाम शिकवायचे. नुकतेच निवृत्त झाले होते, तरी सकाळी उठून इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. आमच्या आज्याला सही येत नव्हती, बाबा आयटीआयपर्यंत पोचले आणि मी इंजिनिअर झाले. घरातल्या भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली माझा पदवीचा फोटो होता. येणाऱ्या-जाणाऱ्याचा जयभीम झाला की बाबा त्याची नजर त्या फोटोकडे कशी जाईल, हे बघायचे.

मी अंगणात खुर्ची टाकून गणितं सोडवत बसे. एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, तर टाकी कधी भरेल. बाबा वर्तमानपत्राआडून बघत. एका सकाळी त्यांनी पेपर खाली ठेवला.

"हे टाकीचं गनित तं तू दहावीतच सोडवत होती. मंग आता कायले?"

"बाबा, ही परीक्षा मॅनेजमेंटची आहे. आत जाण्यासाठी हे लागते."

"आन् आत गेल्यावर इंजिनिअरिंगचं काय होते?"

मी पेन्सिल खाली ठेवली. बाबा रागावलेले नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्या वर्कशॉपात मॅनेजर लोक यायचे. मशीन पाह्यची, मान हलवाची नि जायचे. मी पोराइले सांगत होतो, पाहनारे व्हा का करनारे व्हा, हे आपल्या हाती आहे. तुले पाहनारी व्हाचं आहे काय, बाई?"

"मले समजून घेऊ द्या, बाबा. मलेच माहीत नाही अजून." गावी आलं की माझं पुणेरी 'मला' असं आपोआप गळून पडतं.

आई आतून म्हणाली, "तिले जेवू तं द्या आधी." त्या दिवशी वरण आणि गरम भाकर होती. बाबा अर्ध्या भाकरीवरच उठले. माझ्या दृष्टीने हे फक्त शिक्षण बदलणं होतं. त्यांना ते घराची एक पायरी खाली उतरणं वाटत होतं.

पुस्तकातून उत्तर मिळेना, म्हणून मी माणसांना विचारायचं ठरवलं. पहिला आठवला रिझवान. यवतमाळच्या कॉलेजात माझ्याच वर्गात होता. इंजिनिअरिंगनंतर त्याने एमबीए केलं, हैदराबादला ट्रकसाठी कर्ज देणाऱ्या एका कंपनीत राहिला आणि मग पांढरकवड्याला परत आला. त्याच्या अब्बांचं हायवेवर ट्रकचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, दुरुस्त करायचं गॅरेज होतं. रिझवानने त्याच्या शेजारीच मालवाहतुकीचं ऑफिस टाकलं होतं.

मी गेले तेव्हा तो एका ड्रायव्हरशी तेलुगूत, दुसऱ्याशी हिंदीत आणि माझ्याशी वऱ्हाडीत एकाच दमात बोलत होता. बाहेर नागपूर-हैदराबाद रस्ता धडधडत होता. त्याने लिंबूपाणी मागवलं.

"रिझवान, खरं सांग. एमबीएचा उपयोग झाला काय?"

"झाला," तो म्हणाला. "पन लोक समजतात तसा नाही. इंजिनिअरिंगमध्ये चार वर्षं आपल्याले एकच विचारलं, उत्तर बरोबर का चूक. तिथं पहिल्याच आठवड्यात सरनं मले उभं केलं नि म्हनलं, तुले काय वाटते? करुणा, मी घामाघूम झालो. मले काय वाटते, हे मले तोपर्यंत कोनी विचारलंच नव्हतं."

"मग हैदराबाद काहून सोडलं?"

"कारन मी विचारच केला नव्हता कुठं जाचं ते. मले फक्त मशीनपासून पळाचं होतं. डिग्री गाडी आहे, ती नेते. कुठं नेते हे तिले काय माहीत? मले तिनं अशा टेबलावर बसवलं जिथं दिवसभर लोकाइले हप्ता भरा म्हनाचं. मले ते नव्हतं पाह्यजे."

त्याचे अब्बा हात पुसत आत आले. मला म्हणाले, "बेटी, ये लडका पढके वापस आया तो मोहल्ले में लोग हंसे. लेकिन अब देखो, मेरा काम भी इसके ऑफिस से आता है." आणि पुन्हा बाहेर गेले.

मी निघताना रिझवान म्हणाला, "एक काम कर. ज्या कामाकडं जाचं म्हनतेस, त्याच्याजवळ आधी थोडे दिवस बसून पाह्य. फुकट बस. मंग फी भरायचं पाह्य."

एसटीत बसून परत येताना मी विचार करत होते, मला कोणत्या कामाजवळ बसायचं आहे? खिडकीबाहेर पळसामागून पळस जात होते. मला माझ्या इंदूमावशीची आठवण झाली.

इंदूमावशी आईची धाकटी बहीण. दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबला असते. तिच्या बचत गटातल्या बायकांनी मिळून एक छोटी दालमिल सुरू केली होती. गावाकडेला पत्र्याचं शेड, आत तूर भरडायची मशीन, बाहेर अंगणात ताडपत्रीवर पसरलेली तूर. मावशीचा निरोप महिनाभर पडून होता, की मशीन अडते, इंजिनिअर पोरगी येऊन पाहील काय?

मी गेले. मशीनच्या एका पट्ट्याचा ताण सैल होता, तो बसवून दिला. ते काम झटकन झालं. मग मात्र मी तिथून हललेच नाही.

तूर आधी मशीनमध्ये नुसती खरडून घ्यायची, मग तिला तेलाचा हात लावायचा, उन्हात वाळवायची आणि शेवटी भरडायची. तेल लागलेली तूर उन्हात तापली की असा वास सुटतो की भूक नसताना भात आठवतो. बायका पायाने तूर खालीवर करत गप्पा मारत. मशीनच्या तोंडाशी शोभाबाई असायची. उंच, खणखणीत आवाजाची. मशीनच्या वर आवाज चढवून बोलायची सवय असल्याने ती घरीही ओरडूनच बोलते, असं बाकीच्या म्हणायच्या. नुसत्या आवाजावरून ती सांगायची की दाणा भरडतोय की चुरतोय.

मावशी मला एकेक विचारू लागली. "तूर येते एकदाच, दाळ विकते वर्षभर. मंग किती तूर भरून ठेवाची?" "यवतमाळचा दुकानदार म्हनते पॉलिश पाह्यजे, पुण्याचं गिऱ्हाईक म्हनते बिगरपॉलिशच पाह्यजे. कोनाचं ऐकाचं?" "एक बाई जास्त काम करते, एक कमी. वाटनी सारखी ठेवाची काय?"

मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. पण चाकणच्या इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं, की संध्याकाळी अंथरुणावर पडल्यावरही डोक्यात कामच चालू आहे आणि त्याचा त्रास होत नाही. मी दोन दिवसांसाठी आले होते, ती परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत राहिले. नळ आणि टाक्यांची गणितं तुरीच्या पोत्यावर बसून सोडवली. शोभाबाई एकदा वाकून माझ्या कागदाकडे बघत म्हणाली, "एक नळ भरते नि दुसरा रिकामा करते, तं मंग दुसरा बंद काहून नाही करत?" सगळ्या हसल्या, मीही हसले. परीक्षेत असा प्रश्न विचारायची सोय नसते.

परीक्षा झाली. निकाल बरा लागला. मुलाखतीत समोरच्या बाईंनी तेच विचारलं जे सगळ्यांना विचारतात, की इंजिनिअर असून इकडे का? मी तयार केलेलं उत्तर विसरले आणि दालमिलचं सांगत सुटले. तूर एकदा येते, डाळ वर्षभर विकते, आणि मधल्या दिवसांचं काय करायचं ते मला माहीत नाही, म्हणून. त्यांनी माझा अर्ज बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "पुढे सांगा."

जागा मिळाली. बाबा मला सोडायला कॉलेजपर्यंत आले. इमारत पाहिली, लायब्ररी पाहिली आणि फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं, "वर्कशॉप कोन्या बाजूले आहे?" तो म्हणाला, "इथे वर्कशॉप नसतं, काका." बाबांनी मान हलवली. बसमध्ये चढताना मला एवढंच म्हणाले, "बाई, हात चालू ठेवजो."

वर्गात निम्म्याहून जास्त इंजिनिअर होते. मला त्यांचं फार कुतूहल वाटायचं. मेसमध्ये जेवताना मी प्रत्येकाला विचारायची, तू का आलास? एकाला कोडिंगचा कंटाळा आला होता. एकाला सिमेंटच्या साइटवरून शहरात यायचं होतं. एकजण म्हणाला, सगळे आले म्हणून. कुठून निघालो हे प्रत्येकाला नीट सांगता येत होतं, कुठे जायचं ते मात्र फार थोड्यांना. त्यांच्यातले कितीतरी पुढे फार छान जागी पोचले. काहीजण फिरून जुन्याच कंपनीच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसले. मी अजूनही त्यांच्याकडे बघून काही नियम सापडतो का ते शोधते. सापडत नाही.

मला तिथे काय मिळालं? हिशेब वाचायची भीती गेली. बाजार नावाचं जे धूसर होतं, त्याला नाकडोळे आले. आणि रिझवान म्हणाला होता तसं, मला काय वाटतं हे उभं राहून सांगायची सवय लागली. आमच्या घरात ही गोष्ट शिकायला तीन पिढ्या लागल्या, हे मला तेव्हाच जाणवलं.

दुसऱ्या वर्षी मावशीचा फोन आला. दालमिल बंद पडली होती. शोभाबाई भांडून निघून गेली आणि तिच्यामागे चौघीजणी गेल्या. उरलेल्यांना मशीन चालवता येत होती, पण मन लागत नव्हतं. मी सुट्टीत गेले तर शेडला कुलूप होतं. दाराच्या फटीतून आत पाहिलं. मशीनवर गोणपाट टाकलेलं होतं. ज्या कामासाठी मी शिकायला गेले होते, ते काम माझं शिकणं पुरं व्हायच्या आत थांबलं होतं. मी इथेच राहिले असते तर? मावशीला विचारलं. ती म्हणाली, "तू असती तं तूही कोन्या तरी बाजूनं भांडली असती."

डिग्री झाल्यावर मी यवतमाळमध्येच नोकरी धरली. शेतकऱ्यांच्या छोट्या कंपन्यांना माल साठवायला, विकायला मदत करायचं काम. म्हणजे लाइन बदलली, लोक म्हणतात तशी. पहिल्याच फाल्गुनात दारव्ह्याकडे फेरी होती. मी वाट वाकडी करून बोरी अरबला गेले आणि मावशीला घेऊन शोभाबाईच्या घरी गेले.

शोभाबाई अंगणात गहू निवडत बसली होती. मावशीला पाहून तिने मान खाली घातली, पण बाज पुढे सरकवली. आम्ही बसलो. मग मीच विचारलं, "शोभाबाई, काय झालं होतं?"

"काही नाही. मले खोकला लागला होता." तिचा तो खणखणीत आवाज खाली आला होता. "मशीनच्या तोंडाशी सालीची सगळी धूळ आंगावर येते. रातच्याले झोप नाही. मी म्हनलं, काही तरी करा. तं ह्या म्हने, खोकला सगळ्याइलेच येते. पॅकिंगवर बस म्हने. जशी काही मी काम चुकवून राह्यली होती."

मावशी म्हणाली, "मले वाटलं तुले पॅकिंगच पाह्यजे होतं, शोभे."

"तू विचारलं कुठं?"

मावशी पुढे होऊन गव्हातले खडे वेचू लागली. मीही. त्या एका वाक्यात त्यांचं वर्षभराचं भांडण होतं. मला वर्गातल्या कितीतरी चर्चा आठवल्या, कामाच्या वाटणीच्या, मानाच्या. पण त्याच वेळी डोक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात पत्र्याचं एक छत्र, त्याला जोडलेली नळी, नळीच्या टोकाला पंखा आणि शेडबाहेर कापडी पिशवी, असं चित्र उमटू लागलं होतं. कितीतरी दिवसांनी माझी बोटं हवेत आकार काढत होती.

संध्याकाळी कळंबला जाऊन ते चित्र बाबांना कागदावर काढून दाखवलं. बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"ह्या वळनावर धूळ साचंन," ते म्हणाले. "वळन मोठं ठेव."

मी खोडून मोठं केलं. त्यांनी पुन्हा पाहिलं आणि कपाटातून पत्रा कापायची कातर काढली.

आम्ही दोघं बोरी अरबला राहिलो. बाबा पत्रा कापायचे, मी मापं द्यायची. एकदा माझं माप चुकलं आणि नळी आखूड पडली. एकदा त्यांनी घट्ट बसवलेला पंखा उलटा फिरू लागला आणि सगळी धूळ आतच आली. मावशी दोघांनाही हसली. आई डबा पाठवायची, त्यात रोज काही तरी तुरीच्याच डाळीचं. संध्याकाळी बाबा पत्र्याने कापलेली बोटं बघत बसायचे आणि मला मधूनच विचारायचे, की तुमच्या त्या कॉलेजात माल किती ठेवावा ते कसं ठरवतात? मी सांगायची. ते ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी मावशीला समजावून सांगायचे, जणू त्यांनाच आधीपासून ठाऊक होतं.

सगळं जोडून झालं त्या सकाळी मावशी स्वतः जाऊन शोभाबाईला बोलावून आली. तिच्यामागे त्या चौघीही आल्या, पण त्या दाराशीच थांबल्या. शोभाबाई नाकाला पदर लावून आत शिरली. मावशीने बटण दाबलं. मशीन धडधडली, पंखा घरघरला, बाहेरची पिशवी हळूहळू फुगली. तुरीची सालं पत्र्याच्या छत्राखाली उडाली, गरकन फिरली आणि नळीतून निघून गेली. शोभाबाई बघत उभी राहिली. मग पदर खाली आला.

बाबांनी ओरडून विचारलं, "बाई, आता कुठं बसनार तुमी? पॅकिंगवरही जागा केली आहे."

"मी कायले पॅकिंगवर बसू?" ती म्हणाली. तिचा आवाज पुन्हा मशीनच्या वर चढला होता. "मशीन मले आवडते. मी काम नव्हतं सोडलं, साहेब. धूळ सोडली होती."

तिने कमरेला पदर खोचला, मशीनच्या तोंडाशी आपल्या जुन्या जागेवर गेली आणि कान देऊन दाणा कसा भरडतोय ते ऐकू लागली.